आजोबा रिसोडले गेले

आमच्या पतसंस्थेत नवा शिपाई लागला, त्या दिवसाची गोष्ट. दुपारी बापूंनी मॅनेजरसाहेबांच्या केबिनच्या दारात उभं राहून नेहमीची वर्दी दिली, "साहेब, आजोबा रिसोडले गेले. बाप तिजोरीत हाये. अन् पोट्टं मशीनले लावलं." साहेबांनी मान वर न करता "बरं" म्हटलं. नवा पोरगा माझ्या टेबलापाशी आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "भाऊ, बाप तिजोरीत काहून ठेवला?"

आजोबा, बाप आणि पोट्टं या तीन हार्डडिस्क. रोजची नक्कल पोट्ट्यावर, शनिवारची बापावर, महिनाअखेरची आजोबांवर. टेपच्या जमान्यापासून जगभर या पद्धतीला आजोबा-बाप-मुलगा असंच म्हणतात. बापूंनी ती फक्त वऱ्हाडीत आणली. पोट्टं बॅकअपपुरतं सर्व्हरला जोडलेलं, बाप तिजोरीत आणि आजोबा एसटीनं रिसोडला, बापूंच्या बहिणीच्या घरी.

बापूंचं खरं नाव मस्टरवर आहे, तिथं ते सुखात असो. हुद्दा कनिष्ठ लिपिक, टेबल वसुलीचं. कॉम्प्युटर त्यांच्या गळ्यात पडला तो एमएस-सीआयटीच्या सर्टिफिकेटमुळे. पहिलं मशीन आलं तेव्हा संचालकांनी सभेत विचारलं, "कोणाले येते हे?" बापूंचा हात तेवढ्यात अर्धा वर गेलेला होता. त्यांना पाणी हवं होतं. ठराव मंजूर झाला.

बापूंच्या आधीही आमच्याकडे बॅकअप होता. सी ड्राइव्हवरचा डेटा रोज डी ड्राइव्हवर जायचा आणि सगळे निर्धास्त घरी जायचे. सी आणि डी एकाच डिस्कचे दोन कप्पे आहेत, हे बापूंनी सांगितलं तेव्हा साहेबांना आपली फसवणूक झाल्यासारखं वाटलं. "पाकीटमाराच्या भेवानं पैसे डाव्या खिशातून उजव्या खिशात ठेवले, एवढंच झालं साहेब," बापू म्हणाले.

मग सॉफ्टवेअर आलं. बसवणाऱ्यानं रात्री अकराची वेळ लावून दिली, चहा घेतला आणि गेला. आमचा चौकीदार काटकसरी माणूस, सहा वाजता मेन स्विच पाडतो. त्यामुळे चार महिने आमचा बॅकअप अंधारात, बंद मशीनवर, ठरल्या वेळी अगदी नियमानं होत नव्हता. बापूंनी तो दुपारी दीडला, जेवणाच्या सुट्टीत आणला. तेव्हापासून दीड ते दोन मशीन बैलगाडीसारखं चालतं आणि काउंटरवरच्या मॅडम बापूंच्या डब्याकडे रागानं बघतात.

काम झालं की सॉफ्टवेअर "बॅकअप यशस्वी" असा निरोप देतं. दुसरा कोणी असता तर तिथंच ताणून दिली असती. बापूंचं म्हणणं, "यशस्वी तं दहावीच्या गाईडवरही लिहिलेलं असते." गिटलॅब नावाच्या जगप्रसिद्ध कंपनीत 31 जानेवारी 2017 ला एका इंजिनिअरच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. नकला राखायच्या पाच तऱ्हा होत्या, ऐन वेळी एकही धड कामाला आली नाही. सहा तासांपूर्वी कोणीतरी हातानं काढून ठेवलेली एक प्रत सापडली, म्हणून निभावलं. ही कथा बापू आम्हाला दर महिन्याला सांगतात, पोथी लावल्यासारखी. आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एका जुन्या मशीनवर डेटा परत उतरवून एखादं खातं पैशापैशानं ताडून बघतात. खातं कोणतंही चाललं असतं. बापू वसुलीचे, त्यामुळे ते हमखास एखाद्या संचालकाच्या मेव्हण्याचं थकीत कर्ज काढतात.

स्क्रीनवरची हिरवी पट्टी पुढे सरकत असताना बापूंच्या तावडीत सापडू नये. मी सापडतो. मग वत्सगुल्म निघतं. वत्सगुल्म म्हणजे आपलंच वाशीम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ही शाखा होती, हेच इतिहास विसरला होता. 1939 साली इथं दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला, तेव्हा तिचा पत्ता लागला. राज्याच्या 37 व्या वर्षी नांदेडकडचं एक गाव दान दिल्याची ती नोंद आहे.

"राजा गेला, राजवाडा गेला, दान घेणारे गेले. राहिलं काय? तांब्यावरची नोंद. दीड हजारावर वर्षं पडून होती, एक अक्षर करप्ट नाही. अन् तुमची पेनड्राइव्ह?"

माझी पेनड्राइव्ह पँटसोबत धुण्यात गेली होती, हे त्यांना ठाऊक असतं.

इथल्या बालाजीच्या मूर्तींचंही तेच. औरंगजेबाच्या काळात त्या जमिनीत पुरून ठेवल्या होत्या आणि पुढं त्या सापडल्यावर भवानी काळूंनी 1779 साली मंदिर उभं केलं, असं सांगतात. ऐकणारा हात जोडतो. बापू हात जोडतात आणि वर म्हणतात, "ठेवणाऱ्यानं जागा चांगली निवडली, पण लेबल नाही लावलं. म्हणून इतके दिवस लागले."

घरीही हाच कारभार. नियम तीन-दोन-एकचा: प्रती तीन, साधनं दोन तऱ्हेची, आणि एक प्रत गावाबाहेर. चष्मे तीन, छत्र्या तीन, किल्ल्यांचे जुडगे तीन, आणि प्रत्येकातलं एकेक रिसोडला. पोरांची जन्माची प्रमाणपत्रं झेरॉक्स करून रिसोडला. बहिणीच्या घरात आता तिच्यापेक्षा बापूंचा संसार जास्त आहे. वहिनी एकदा म्हणाल्या, "बायको तेवढी एकच ठेवली. रिसोडच्या घरी जागा उरली नसेल."

31 मार्चला जगात बॅकअप दिवस पाळतात. बापूंनी एकदा सर्व्हरला हार घालायची परवानगी मागितली होती. 31 मार्चला, पतसंस्थेत! साहेबांनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी लिहून दाखवू शकत नाही.

मग 2023 आलं. रामनवमी 30 मार्चला, दुसऱ्या दिवशी क्लोजिंग. रात्री पावणेबाराला ताळेबंद जुळला. सगळे घरी पळाले. बापू एक वाजेपर्यंत आजोबांना भरवत बसले आणि शनिवारी सकाळच्या गाडीनं त्यांना रिसोडला पोचवून आले. त्या गडबडीत पोट्टं मशीनलाच लागून राहिलं. बापूंच्या नोकरीतली ही एकमेव चूक, आणि ती ते स्वतःच सांगत फिरतात. रविवारी रात्री वारं सुटलं. लाईट गेली, आली, गेली, आणि शेवटची जी आली ती जरा जास्तच आली. नेमका त्या दिवशी स्विच पाडायला चौकीदार नव्हता. सोमवारी सर्व्हरमधून जळक्या रबराचा वास येत होता. पोट्टंही त्याच्यासोबत गेलं.

बाप तिजोरीत. तिजोरीला दोन किल्ल्या, एक साहेबांकडे आणि दुसरी अध्यक्षांकडे. अध्यक्ष रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला गेले ते तसेच पुढं तिरुपतीला.

दुपारपर्यंत गावभर झालं, पतसंस्थेचं सगळं उडालं. ठेवीदार पासबुकं छातीशी धरून आले, ते ठीक. पण कर्जदारही आले. ज्यांना नोटिसा पाठवूनही तीन वर्षं तोंड दिसलं नव्हतं, ते खुर्ची ओढून बसले. "कसं झालं हो? काहीच राहिलं नाही का? अरेरे." एवढी आपुलकी मी नोकरीत पहिल्यांदाच पाहिली. एकानं तर चहा सांगितला. मेव्हणेवाले संचालक गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "जाऊ द्या, देवाची मर्जी. जुनं उगाळत बसू नका. नव्यानं सुरुवात करू."

बापू तोवर एसटीत बसले होते.

रिसोडला डिस्क देवघरात होती. भावानं इतक्या जपून आणलेली वस्तू म्हणून बहीण तिला रोज हळदकुंकू वाहायची. कुंकू केबलच्या भोकात गेलेलं. बापूंनी फुंकर मारली, दातकोरणीला कापूस गुंडाळून आत फिरवला, पुन्हा फुंकर मारली. रात्री दुसऱ्या मशीनला डिस्क लावली. पट्टी सरकत होती आणि पहिल्यांदाच बापू विंध्यशक्तीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पहाटे चारला सगळं परत आलं. ठेवी आल्या, व्याज आलं, मेव्हण्याचं कर्ज दंडव्याजासकट आलं. 31 मार्चच्या छापील ताळेबंदाशी पैसान्‌पैसा जुळला.

सकाळी ठेवीदार खूश होऊन गेले. कर्जदारांची विचारपूस बंद झाली आणि चहाचे पैसे आम्हालाच द्यावे लागले. पुढच्या सभेत नव्या सर्व्हरच्या खर्चाला मंजुरी मिळाली, वीजपुरवठ्याबद्दल खेद नोंदवला गेला. बापूंचा उल्लेख इतिवृत्तात नाही. बॅकअपच्या रजिस्टरमध्ये मात्र "माध्यमाची स्थिती" या रकान्यात त्यांच्या अक्षरात लिहिलंय: उत्तम. कुंकू पुसले.

बापूंनी रिसोडच्या जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं मागितलं होतं. व्हाउचरवर कारण लिहिलं होतं, "आजोबांना आणणे." लेखापरीक्षकांनी लाल शाईत शेरा मारला, कौटुंबिक प्रवासाचा खर्च संस्थेवर टाकता येणार नाही, वसूल करावा. वसुलीचं टेबल बापूंचंच. त्यांनी स्वतःला नोटीस काढली, रक्कम भरली आणि पावतीच्या तीन प्रती केल्या. एक रिसोडला आहे.