कम्पायलरला हरवा! (नवशिक्यांसाठी सात पायऱ्या)

साहित्य: एक लॅपटॉप, एक चालू सी प्रोग्राम, चहा, आणि आपण कम्पायलरपेक्षा शहाणे आहोत ही खात्री. शेवटचा जिन्नस आमच्या आजरा गावात घरोघरी मिळतो.

१. निमित्त शोधा. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. सही खरी का, हे तपासताना लॅपटॉप एसएचए-२५६नं फाइलचा २५६ बिटांचा ठसा काढतो. हे काम असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या थेट सूचनांत, हातानं लिहून वेग वाढवतो, असं घरात जाहीर करा.

२. पंगत मांडा. एसएचए-२५६ला दर ६४ बाइटांना ६४ फेऱ्या आणि आठ आकडे सतत हाताशी लागतात. जुन्या ३२ बिटी इंटेलमध्ये रजिस्टरं (आकडे ठेवायच्या जागा) आठच, त्यातलं एक स्टॅकनं अडवलेलं: पाहुणे आठ, पाट सात. तिथं हाताची करामत दिसायची. ६४ बिटीत पाट सोळा. कम्पायलर सगळ्यांना नीट बसवतो. तिकडे दुर्लक्ष करा.

३. लिहायला बसा. सी-मध्ये दोन शिफ्ट आणि एक ऑर लिहिलं की कम्पायलर ओळखतो आणि एकच रोटेट सूचना घालतो. तुम्ही तीच सूचना आठवडाभर हातानं घाला.

४. तपासा. ‘एबीसी’चा ठसा ‘बीए७८१६बीएफ’नं सुरू व्हायला हवा. एक बिट चुकला की जवळपास निम्मा ठसा बदलतो. ‘थोडंसंच चुकलंय’ ही सोय इथं नाही.

५. वेग मोजा. कम्पायलरशी बरोबरी निघेल. मोजणी खरं तर पहिल्या पायरीआधी करायची असते, पण मग पुढच्या पायऱ्या कोण वाचणार?

६. काजूच्या कारखान्यात जा. कटरवर बसलेल्या मावशींना बी कशी धरली की गर अख्खा निघतो, हे ठाऊक असतं. तसं कम्पायलरला ठाऊक नसलेलं तुम्हाला काय ठाऊक आहे? इंटेलनं २०१३ साली एसएचएच्या खास सूचना जाहीर केल्या. त्यातली एक सूचना दोन फेऱ्या उरकते. साधा सी वाचून कम्पायलरला ती सुचत नाही. ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीत हातची असेंब्ली आजही आहे, ती असल्या जागांसाठी. तेवढ्याच ओळी लिहा, बाकीच्या पुसा.

७. आता सातबारा मागवा. लहानशी फाइल. तिचा ठसा साध्या सी-मध्येही डोळ्याचं पातं लवायच्या आत निघत होता. वेळ जातो तो ओटीपी यायला. त्यासाठी पावसाळ्यात छत्री घेऊन, रेंज येते त्या वळणावर जाऊन उभे राहा. लॅपटॉप घरीच ठेवा.