आधी लगीन, मग पत्रिका

सरदार सरोवर धरणाला जागतिक बँकेचे 45 कोटी डॉलर मंजूर झाले 1985 मध्ये. दिल्लीची पर्यावरण मंजुरी आली 1987 मध्ये, तीही सशर्त: अभ्यास बांधकामाबरोबर होत राहतील. म्हणजे वऱ्हाड जेवून उठले, तरी पत्रिका जुळवणे चालूच! बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने 1992 मध्ये पुनर्वसन आणि पर्यावरण दोन्ही सदोष ठरवून एक पाऊल मागे घ्या म्हटले. बँकेने काय केले? भारताला सुधारणेची मुदत दिली. (जोखीमही हप्त्याने फेडता येत असावी.) मार्च 1993 मध्ये उरलेले कर्ज भारतानेच नाकारले, बँकेची सुटका झाली. आता बँकेकडे प्रकल्पांच्या जोखमीच्या चार श्रेणी आहेत. या धरणात बुडालेल्या जुन्या मणिबेली गावाला कोणती द्यायची, हे ठरवायला तज्ज्ञांना पोहता यायला हवे.