चार लाख तेरा हजार एक

आमचा पिनकोड हर्षद आहे. लोक कुळ-गोत्र सांगतात, तसं मी हे सांगतो. ४१३००१. अंकांची बेरीज नऊ, आणि नवाने अख्खा आकडा निःशेष भागला जातो. असल्या संख्यांना हर्षद हे नाव देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी दिलं. शेजारच्या ४१३००२ ची बेरीज दहा आणि दहाने भाग काही जात नाही. त्या लोकांशी मी बोलतो, पण बेताने.

अवयव पाडले तर तीन गुणिले तीन गुणिले १०९ गुणिले ४२१. एकशेआठाच्या पुढे एक आणि चारशेवीसाच्याही पुढे एक! सकाळी सिद्धेश्वराला प्रदक्षिणा, संध्याकाळी भिशीचा हिशेब, असा माझा सगळा स्वभाव त्यात उतरलाय.

पण खरी मौज वंशावळीत. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की तिला मूल होतं. ४१२९७४ मध्ये सत्तावीस मिळवा, सोलापूर हजर. त्याचा आजा ४१२९४७. या आज्याला मात्र बापच नाही, तो स्वयंभू. आता खाली उतरा. आमच्या आकड्यात नऊ मिळवले की ४१३०१०, आणि तिथेच ४१२९८३ कडूनही वाट येते. अशा दोन वाटांच्या संख्येला कापरेकर जंक्शन म्हणत. म्हणजे आम्ही जंक्शन नाही, जंक्शन पुढे! रेल्वेचंही तेच. सोलापूर एवढं मोठं स्टेशन, पण गदगची लाइन फुटते होटगीला. कापरेकरांना रेल्वेचं वावडं नव्हतंच. डोंबिवली स्टेशनावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी त्या स्टेशनावरूनच डेम्लो म्हटलं. मी हे रंगात येऊन सांगत होतो, तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, पार्सलवाल्याने पिनकोड विचारलाय, वंशावळ नाही."

१५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर स्वतः संस्कृत कवी. पण त्यांना टपाल छाटायचं होतं, माझी पत्रिका मांडायची नव्हती. हे मला कळतं. तरी "याचा उपयोग काय?" असं कुणी विचारलं की डोकं फिरतं. कापरेकर शाळामास्तर, मोठी पदवी नाही, म्हणून त्यांच्या कामाला पोरखेळ म्हणणारे इथेच होते. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला ते कळले. मास्तर तोवर सत्तरीचे झाले होते. आपल्याकडे सत्कारातल्या टॉवेल-टोपीचा उपयोग कुणी विचारत नाही. आकडा कुणाचं काय खातो?

परवा विजापूर रोडचा मेहुणा आला. "दाजी, आमच्या ४१३००४ ची बेरीज बारा. बारानं भाग जातोय की ओ!" जात होता. वर म्हणतो, "आमचा तर स्वयंभूच दिसतोय."

रात्री जागून मी त्याचा बाप काढला. ४१२९८०, अधिक चोवीस. उजाडायच्या आत फोन करून तसं सांगितलंही. फोन सासऱ्यांनी उचलला होता.