कचरा कसा काढावा : विकास नगरातील मराठी कुटुंबांसाठी मार्गदर्शिका

लखनौच्या विकास नगरात बिऱ्हाड हलवलेल्या मराठी कुटुंबांनी सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावं की आपल्या घरात कचरा नसतो. ‘लागेल कधीतरी’ असं जिच्याबद्दल म्हणता येतं ती वस्तू कचऱ्याच्या व्याख्येत बसत नाही. आणि जिच्याबद्दल तसं म्हणता येत नाही अशी वस्तू मराठी घरात अजून सापडलेली नाही. तरीही या शहरात रोज २००० टनांच्या आसपास कचरा निघतो, आणि मोहान रोडवरच्या शिवरीत साचलेला जुना कचरा साडेअठरा लाख टन भरला. तो सगळा शेजाऱ्यांचा असणार.

पूर्वतयारी : डबे आणावेत. ओल्यासाठी हिरवा, सुक्यासाठी निळा. जुनी औषधं, सेल, फुटके बल्ब यांची सोय वेगळी. ‘आणावेत’ म्हणजे माळ्यावरून, दुकानातून नव्हे. नवे डबे खोक्यात, थर्माकोलमध्ये आणि प्लास्टिकात गुंडाळून येतात आणि उद्घाटनालाच काठोकाठ भरतात.

पुनर्वापर या विषयात आपल्याला बोहारणीची परंपरा आहेच. इथे बर्तनवाली दारावर येते. तिने पँट उलटी करून शिवण बघावी, साडीचा काठ उन्हात धरावा, चिकनचा कुर्ता काखेत विरला आहे हे त्यातून बोट काढून दाखवावं, आणि पातेलं पुढे करता करता मागे घेत म्हणावं, “भाभीजी, बस एक पैंट और.” ही एक पँट म्हणजे सध्या अंगावर असलेली, हे ओळखून यजमानांनी मुकाट्याने आत जावं. तासाभराने सहा साड्यांचं एक पातेलं होतं. कपडे गेले हे खरं. पण स्वयंपाकघरात पंधरावं पातेलं आलं, आणि कपाटात मोकळी जागा दिसू लागल्यामुळे दिवाळीआधी अमीनाबादच्या बाजाराची एक फेरी ओघानेच आली. प्रयोग यशस्वी झाल्याचं जाहीर करण्यापूर्वी घरातल्या वस्तू मोजाव्यात.

या क्षेत्रातला खरा तज्ज्ञ म्हणजे कबाडी. वर्तमानपत्रं, पुठ्ठा, लोखंड, बाटल्या तो तोलून घेतो. थर्माकोल आणि वेफर्सची चकचकीत पाकिटं तो हातही न लावता परत करतो. पाकिटात प्लास्टिकला ॲल्युमिनियमचा पातळ थर चिकटलेला असतो. तो सोडवण्याचा खर्च मालाला परवडत नाही. म्हणून वाण्याकडे जाण्याआधी कबाड्याचं मत विचारात घ्यावं : तो जे आपल्याकडून घेत नाही, ते आपणही दुकानातून घेऊ नये. खरेदीविषयी याहून शहाणा सल्ला मला तरी माहीत नाही. असेच तज्ज्ञ पुण्यातही आहेत : तिथे कचरावेचकांनी १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी केली आणि पुढे ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेमार्फत घरोघरी जाऊन ओलं-सुकं वेगळं करायला लावलं. पुणेकरांना बाहेरच्या कुणी नाही, तरी निदान कुणीतरी काही शिकवल्याचं हे दुर्मीळ उदाहरण.

ओल्या कचऱ्यात जून महिना वेगळा धरावा. मलिहाबादचा दशहरी आंबा पेटीने येतो आणि साली पाटीने निघतात. गच्चीवर भोकं पाडलेल्या डब्यात साली बारीक करून टाकाव्यात, वर भरपूर वाळका पाला, पुन्हा साली, पुन्हा पाला. कोयी वेगळ्या काढाव्यात. त्या लवकर कुजत नाहीत. वास येऊ लागला तर पाला वाढवावा आणि अधूनमधून ढवळावं. अत्तर मारू नये, लखनौ असलं तरी. झाकणावर वीट ठेवावी. माकडं वीट उचलून बघतात, म्हणून दोन ठेवाव्यात.

दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत मिळतं. आमच्याकडचं तयार आहे. ज्यांना हवं असेल त्यांनी सकाळी आपापलं घमेलं घेऊन यावं; पिशवी मिळणार नाही. घमेलं नसेल तर पातेलं चालेल.