खड्डेशास्त्री

नगरच्या सावेडीत आमचे सर राहतात. दिवेलागणीला त्यांच्याकडे जाऊ नये. ते चहा विचारायच्या आधी दिवा घालवतात.

"हं, आता बघा."

काळोखात पोपटी उजेडाची एक बशी तेवढी दिसते आणि स्वयंपाकघरातून काकू ओरडतात, "अहो, दूध उतू चाललंय, लाइट लावा!"

सर फिजिक्सचे. रिटायर झाले, पण पावडर सुटली नाही. स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट, त्यात चिमूटभर युरोपियम आणि डिस्प्रोसियम. १९९६ साली जपान्यांनी ही रात्रभर उजळणारी पावडर शोधनिबंधात मांडली. सरांनी ती कॉलेजच्या भट्टीत युरिया घालून केली. पाचशे अंशांवर फेस, भडका, पाच मिनिटांत माल तयार. युरिया म्हटल्यावर शिपायाने पावडर उसाला चालेल का, असं विचारलं होतं. गल्लीतली पोरं तिला रेडियम म्हणाली, की सर पेटतात. "रेडियमला बाहेरचा उजेड लागत नाही! आणि ट्रकमागचं तुमचं रेडियम नुसता हेडलाइट परतवतं!"

सरांच्या मते स्फटिक म्हणजे रस्ता. अणू शिस्तीत बसले तर रस्ता गुळगुळीत, इलेक्ट्रॉन सुसाट घरी, चमक खलास. "खड्डे पाहिजेत! उथळ खड्ड्यातला लगेच निसटतो, मधल्यातला खोलीच्या उबेवर सावकाश निघतो, खोलातला तापवल्याशिवाय हलत नाही. मापं वेगवेगळी, म्हणून उजेड रेंगाळतो."

"आणि खड्डे फारच झाले तर?"

"मग नगर-मनमाड रस्ता. गाडी पोचतच नाही."

घरही याच तत्त्वावर चालतं. कपाट आवरायला काकू उठल्या की सर आडवे येतात, "हात लावू नकोस, डिसऑर्डर आहे." त्या कपाटातून गेल्या दिवाळीत विजेचं न भरलेलं बिल, मोजा (एकच) आणि कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका निघाली. लग्न होऊन त्यांचा मुलगा दहावीला होता.

माझं एक पुस्तक सरांनी १९९८ साली नेलं. दर भेटीत मी आठवण करतो.

"आहे रे, खोल खड्ड्यात आहे. उष्णता द्यावी लागेल."

परवा काकूंनी ती दिली. आवाज पार कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत गेला. सर घाम पुसत आतून आले आणि माझ्या हातात पुस्तक ठेवलं.

पहिल्या पानावर नाव दुसऱ्याच कुणाचं होतं.