वीतभर वायर, हातभर वॅट

पृथ्वीचा ऱ्हास नेमका कशामुळे होतो, याचा शोध मोबाइल कंपन्यांना २०२० च्या ऑक्टोबरात लागला. तोवर आपण अडाण्यासारखे कारखाने, धूर, प्लॅस्टिक असल्या गोष्टींना दोष देत बसलो होतो. ॲपलने आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर काढला आणि जगाला गुन्हेगार दाखवून दिला. त्यावर सॅमसंगने समाजमाध्यमावर आपल्या चार्जरचा फोटो टाकून टोमणा हाणला, की आमच्याकडे हा फोनसोबतच मिळतो बरं का. तीन महिन्यांनी, २०२१ च्या जानेवारीत गॅलेक्सी एस २१ आला, बिनचार्जरचा. टोमण्याची पोस्ट तोवर अंतर्धान पावली होती. पर्यावरणाची जाणीव इतक्या झपाट्याने पसरल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

तेव्हापासून वरच्या किमतीचा अँड्रॉइड फोन पुष्कळदा ‘मुलगी आणि नारळ’ या बोलीवर घरी येतो. सोबत एक केबल, सिमचा कप्पा उघडायची टाचणी आणि कुणी कधीही न वाचलेली घडीची पुस्तिका. चार्जर वेगळा मागवायचा. तो वेगळ्या खोक्यात, वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये, वेगळ्या टेम्पोतून येतो. त्या वेळी पृथ्वीचं लक्ष नसतं. स्वस्तातल्या फोनांसोबत मात्र अजून बऱ्याचदा चार्जर मिळतो. पृथ्वी वाचवणं सध्या श्रीमंतांनी अंगावर घेतलेलं आहे.

आमच्या सोसायटीतले अप्पा महावितरणमधून निवृत्त झालेले. व्होल्ट आणि अँपिअर सोडून जगातल्या कुठल्याही आकड्यावर त्यांचा विश्वास नाही; त्यात युनिटचा दरही आला. फोन घ्यायला ते मला सोबत नेतात, कारण दुकानातून हाकललं तर दोघांना हाकलतील. काउंटरवरच्या मुलाने सुरुवात केली.

“काका, दोनशे मेगापिक्सेल कॅमेरा.”

“आणि फोटो किती मेगापिक्सेलचा निघतो?”

मुलगा हसला. खरं उत्तर साडेबारा असं आहे. एरवी हा कॅमेरा सोळा-सोळा पिक्सेलची मोट बांधून एकेक करतो. अंधारात त्याचा उपयोग होतो, नाही असं नाही; पण जाहिरातीत मोट बांधण्याआधीचा आकडा असतो आणि गॅलरीत नंतरचा.

“रॅम आठ अधिक आठ, काका.”

“म्हणजे सोळा?”

“म्हणजे... आठ व्हर्च्युअल आहे.”

“स्टोरेजमधून उसनी घेतलेली ना? मग उसनी म्हण की.”

तिसऱ्या कॅमेऱ्याची चौकशी झाली. तो मॅक्रो निघाला, दोन मेगापिक्सेलचा. अप्पांनी त्याला ‘शोभेचा’ असा शेरा मारला आणि खरा प्रश्न काढला: “सिक्युरिटी अपडेट किती वर्षं?” मुलगा मॅनेजरला बोलवायला गेला. मॅनेजर आला, त्याने ‘लाइफटाइम’ असं उत्तर दिलं आणि तो चहाला गेला.

कुणाच्या लाइफचा टाइम, हे त्याने सांगितलं नाही. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ सोबत सात वर्षांचा शब्द दिला, सॅमसंगने २०२४ मध्ये एस २४ सोबत. खालच्या बऱ्याच फोनांना त्याहून कमी वर्षं, आणि तीही कंपनीच्या संकेतस्थळावर कुठल्या तरी तळघरात लिहिलेली. यात एक गंमत आहे. ही वर्षं साधारणपणे फोन बाजारात आल्या दिवसापासून मोजतात, आपण घेतल्या दिवसापासून नव्हे. म्हणजे दिवाळीच्या सेलमध्ये गेल्या वर्षीचं मॉडेल ‘तब्बल’ स्वस्त मिळालं, तर त्याचं एक वर्ष आधीच खर्ची पडलेलं असतं. युरोपात जून २०२५ पासून नियम आहे, की फोनची विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट द्यायची आणि आठशे वेळा चार्ज होऊनही बॅटरीत ऐंशी टक्के धुगधुगी उरली पाहिजे. आपल्याला त्याऐवजी कॅशबॅक मिळतो.

एवढ्यात मुलाने हुकमाचा पत्ता टाकला. “काका, टाइप-सी आहे! आता कुठलाही चार्जर कुठल्याही फोनला चालतो.”

हे वाक्य आज देशभरातल्या काउंटरांवर म्हटलं जातं, आणि ते निम्मं खरं आहे म्हणूनच घातक आहे. युरोपने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना टाइप-सी सक्तीचं केलं. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने २०२३ च्या सुरुवातीलाच टाइप-सीचं मानक काढलं. एक देश, एक भोक! भोक एक झालं, पण त्यातून बोलायची भाषा ज्या त्या कंपनीची. ओप्पोचं सुपरवूक, विवोचं फ्लॅशचार्ज, शाओमीचं हायपरचार्ज, मोटोरोलाचं टर्बोपॉवर. वनप्लसचं आधी डॅश होतं, मग वॉर्प झालं, आता तेही सुपरवूक म्हणवतं. सीमाप्रश्न मुरलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये. सगळ्यांना समजावी अशी एक भाषा आहे, पॉवर डिलिव्हरी नावाची. दोन्ही बाजूंना ती येत असेल, तर वायर जोडताच पुढचं बोलणं होतं.

चार्जर म्हणतो, “आपल्याकडे ५ व्होल्ट आहेत, ९ आहेत, १५ आहेत, २० आहेत. काय पाठवू?”

फोन म्हणतो, “९ द्या. ३ अँपिअरने.”

“पाठवले.” झाले २७ वॅट. कुठे आवाज नाही, वाद नाही.

आता घरातला दुसऱ्या कंपनीचा ६५ वॅटचा धोंडा त्याच फोनला लावा.

“१० व्होल्ट, साडेसहा अँपिअर. घेतोस?”

“काय म्हणालात?”

“बरं, हे घे ५ व्होल्ट, २ अँपिअर, आणि पड गप.”

झाले १० वॅट. स्क्रीनवर बॅटरीचं चिन्ह हलत राहतं, मालक समाधानाने आंघोळीला जातो, आणि बाहेर आल्यावर फोन अजून अडतीस टक्क्यांवर का, म्हणून कंपनीच्या नावाने बोटं मोडतो. सॅमसंगसारख्यांना तर पॉवर डिलिव्हरीतलीही पीपीएस नावाची बोली लागते. ती न येणारा चार्जर दिला, तर फोन चार्ज होतो, पण पाहुण्यासारखा जेवतो. ६५, ८०, १२० हे आकडेही पहिल्या काही मिनिटांचे. बॅटरी भरत आली, की फोन स्वतःच हात आखडता घेतो, आणि तेच बरं असतं.

राहिली केबल. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे ६० वॅटपर्यंत जाते. त्यापुढे ५ अँपिअरची केबल लागते आणि तिच्या टोकात ‘मला झेपतं’ असं सांगणारी चिप असते. पुण्यात तपकीर गल्लीत आम्हाला दीडशे रुपयांची केबल मिळाली. वेणी घातलेली, हिरवा दिवा लागणारी, वर १२० वॅट छापलेली. छापायला काय, शाईला वॅट लागत नाहीत. अप्पांनी शेजारचा चार्जर उचलला. समोर ठसठशीत ‘६५ वॅट सुपर फास्ट’. त्यांनी तो उलटा केला आणि खिशातून भिंग काढलं. राखाडी प्लॅस्टिकवर राखाडी अक्षरांत, मुंगीच्या पायाएवढं आऊटपुट लिहिलं होतं: ५ व्होल्ट, २ अँपिअर. एवढीच एक ओळ.

“पाच गुणिले दोन?” अप्पांनी दुकानदाराला विचारलं.

“काका, तुम्ही चार्जर घेताय का परीक्षा?”

पॉवर बँकेचंही तेच. वर १०,००० एमएएच, मागे बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ सहा हजारांच्या आसपास. यात फसवणूक नाही, हं. आतल्या बॅटरीचा व्होल्टेज चढवून बाहेर देताना तेवढी घट येतेच. पण मोठ्या अक्षरात घटीच्या आधीचा आकडा छापायची पद्धत आहे.

अप्पांनी फोन अखेर घेतला. शोभेच्या कॅमेऱ्याचा, बिनउसन्या रॅमचा, पाच वर्षं अपडेट लेखी असलेला. सर्व्हिस सेंटर रिक्षाने जाण्याइतकं जवळ आहे का, हे त्यांनी आधी स्वतः जाऊन पाहिलं. चार्जर पॉवर डिलिव्हरी आणि पीपीएस दोन्ही बोलणारा. दुकानातल्या मुलाने सुटकेचा श्वास सोडला आणि स्क्रीन गार्ड फुकट दिला.

तुम्हीही यंदा घेणार असाल, तर एवढं करा. मोबाइलचे चार्जर आणि पॉवर बँका मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत येतात. त्यांच्या पाठीवर ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो. बीआयएस केअर ॲप उघडून तो काउंटरवरच टाका. उत्पादक आणि ब्रँड जुळले नाहीत, तर चार्जर तिथेच ठेवून चालू लागा. आणि जुळले, तर पक्कं बिल घ्या, दुकानदार ओळखीचा असला तरी.