एक बाटली, किमान तीन दरपत्रके

माझी सगळी नोकरी एका सरकारी महामंडळाच्या भांडार विभागात गेली. टाचणीपासून रोड रोलरपर्यंत सगळं खरेदी केलं, पण किमान तीन दरपत्रकं हातात आल्याशिवाय टाचणीसुद्धा घेतली नाही. त्यामुळे बाळंतपणाची रजा संपत आलेली आमची लेक जेवताना सहज म्हणाली, ‘बाबा, बाळासाठी एखाददुसरी बाटली आणून ठेवायला हवी,’ तेव्हा बाकीच्यांनी ते ऐकलं आणि आमटी वाढून घेतली. मला ते मागणीपत्र वाटलं.

गरज रास्त होती. २०१७ च्या दुरुस्तीपासून २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, पण त्यातले काही आठवडे प्रसूतीच्या आधीच, हिंजवडीच्या बसमध्ये चढणं अशक्य झालं तेव्हा, खर्ची पडले होते. म्हणजे नात सहा महिन्यांची व्हायच्या आत तिची आई कामावर रुजू होणार. आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नाही, पाण्याचा थेंबही नाही, ही डॉक्टरांची अट. तेव्हा आईने पंपाने दूध काढून ठेवायचं आणि ते नातीच्या पोटात पोचवायचं साधन मी खरेदी करायचं, अशी कामाची विभागणी मी जाहीर केली.

‘ऑनलाइन मागवतो ना, उद्या येईल,’ जावई म्हणाले.

एकाच विक्रेत्याकडून! तुलनात्मक तक्त्याशिवाय! जावई असल्यामुळे कारणे दाखवा नोटीस निघाली नाही, इतकंच.

दुसऱ्या दिवशी नवी कोरी फाइल घेऊन मी लक्ष्मी रोड गाठला. दुकानदार तरुण होता. त्याला मी नेहमीच्या अटी सांगितल्या: दरपत्रक लेखी हवं, नमुना विनामूल्य हवा आणि दर वाजवी वाटले नाहीत तर वाटाघाटीला यावं लागेल.

‘काका, फुकट नमुना नाही देता येत.’

‘का बरं? सगळे देतात.’

‘बाटलीचा देत नाहीत. कायदा आहे.’

आणि त्या पोराने गल्ल्यावर बसल्या बसल्या मला १९९२ चा कायदा समजावून सांगितला. लहान बाळांचं डब्यातलं दूध आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, भेटवस्तूचं आमिष दाखवायचं नाही. २००३ साली तो आणखी कडक झाला. मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘एका बाटलीपायी मला आत पाठवता का काका?’ तो हसत म्हणाला. डबेवाल्या कंपन्यांनी जाहिराती करकरून चांगल्या दूध असलेल्या आयांच्या मनात आपलं पुरत नाही अशी शंका घातली, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये आचारसंहिता केली आणि त्यातून आपला कायदा आला, हे मी नंतर वाचलं. त्या क्षणी मात्र एवढंच कळलं की उभ्या नोकरीत कोणाच्या चहालाही न शिवलेला मी निवृत्तीनंतर काहीतरी फुकट मागताना पकडला गेलो होतो, आणि तेही नातीच्या नावावर.

जाहिरात नाही म्हणजे माहितीपत्रक नाही. खोके वाचणं आलं. एका खोक्यावर आयएस १४६२५ हा क्रमांक दिसला आणि माझा जीव भांड्यात पडला. प्लास्टिकच्या बाटलीला हे मानक, काचेच्या बाटलीला आयएस ५१६८, आणि आयएसआयची खूण सक्तीची. मानक क्रमांक असलेली कुठलीही वस्तू मी खरेदी करू शकतो. अणुभट्टीसुद्धा.

तक्ता मात्र काही केल्या भरेना. काच, पॉलिप्रॉपिलीन, स्टील, सिलिकॉन. अरुंद तोंड, रुंद तोंड. पोटात वारा जाऊ नये म्हणून कुठे झडप तर कुठे आत नळी. त्यात जवळपास प्रत्येक खोक्यावर दावा असा की आमचं निपल अगदी आईसारखं आहे. दावा आला की पडताळणी आली. मी ‘मूळ वस्तूशी साम्य’ असा रकाना आखला आणि लक्षात आलं की तज्ज्ञ समितीत मी एकटाच आहे आणि या मुद्द्यावर अपात्र आहे. सौ.ला विचारलं. पोळी लाटता लाटता तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नस्तीत नोंदवता येत नाही.

मग प्रवाहाचा प्रश्न. निपलवर शून्य, एक, दोन असे आकडे असतात, पण एकाचा ‘मंद’ दुसऱ्याच्या ‘मध्यम’पेक्षा जोरात वाहू शकतो; सगळ्यांना लागू असं एकच माप नाही. हे मला खपेना. अंगावर पिणाऱ्या बाळाला आधी कष्ट पडतात: एखाददोन मिनिटं भराभर चोखल्यावर पान्हा फुटतो, मग संथ घुटके, मध्ये विसावा. बाटलीत पान्ह्याची वाट बघायची सोय नाही. उलटी केली की दूध तोंडात. भोक मोठं असलं तर बाळाला ठसका लागतो, नाहीतर आयतं प्यायची सवय. म्हणून मंदातलं मंद निपल शोधायला हवं होतं. रात्री सगळे झोपल्यावर मी मोरीत नमुन्यादाखल विकत आणलेल्या सगळ्या बाटल्या एकेक करून उलट्या धरल्या, खाली औषधाचं माप ठेवलं आणि मोबाइलचं घड्याळ लावून थेंब मोजले. आकडे आले, पण एक त्रुटी राहिली. चोखण्याचा जोर हिशेबात धरलेला नव्हता.

तो धरायचा तर कोणीतरी चोखणं भाग होतं.

पहाटे गॅलरीत उभं राहून मी ‘शून्य’ क्रमांकाच्या निपलची प्रत्यक्ष चाचणी घेतली. गाल दुखले, कानात दडे बसले, पाणी आलं ते चमचाभरसुद्धा नाही. बाळं हे दिवसातून आठ-दहा वेळा करतात आणि वर वजन वाढवतात! आदराने मान वर केली तर समोरच्या गॅलरीत सोसायटीचे सेक्रेटरी दात घासत होते. त्यांनी मला पाहिलं, बाटली पाहिली आणि चूळ न भरताच आत गेले. तेव्हापासून ते माझ्याकडे थकलेल्या देखभाल खर्चाचा विषय काढत नाहीत. फक्त तब्येत विचारतात.

नळीच्या बाटलीने माझी झोपच उडवली. जिज्ञासेपोटी बाटल्यांचा इतिहास वाचायला घेतला, तर एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये लांब रबरी नळीच्या बाटल्या निघाल्या होत्या. बाळाने पाळण्यात पडल्या पडल्या आपलं आपण प्यावं आणि आईला उसंत मिळावी, अशी सोय. नळी आतून धुता येईना, तिच्यात जंतू वाढले आणि इतकी बाळं दगावली की लोक त्यांना खुनी बाटल्या म्हणू लागले. फ्रान्सने १९१० मध्ये त्यांच्यावर कायद्याने बंदी घातली. आमच्या बाटलीतली नळी वीतभरसुद्धा नव्हती आणि सुटी करून धुता येत होती. तरीही मी रात्री उठून तीन जाडीचे ब्रश मागवले. ऑनलाइन. दरपत्रकाशिवाय. जावयांना अजून सांगितलेलं नाही.

शेवटी सगळ्याच बाटल्या कशात ना कशात सरस ठरल्या. अशा वेळी खात्यात समांतर दर करार करतात, म्हणजे सगळ्यांनाच थोडी थोडी ऑर्डर देतात. मीही दिली. स्वयंपाकघराचा ओटा भरला.

दरम्यान लेकीने दूध काढून साठवायला सुरुवात केली होती, आणि भांडार उघडलं की नोंदवही आलीच. साध्या खोलीत दूध चार तास टिकतं म्हणतात, पण ते २५ अंशांपर्यंत. एप्रिलातल्या पुण्याने दुपारी २५ अंश कधी पाहिलेत? म्हणून सगळा माल फ्रिजमध्ये, चार दिवसांच्या मुदतीवर. प्रत्येक बाटलीला तारीख-वेळेची चिठ्ठी, आणि आधी आवक झालेला माल आधी जावक. सगळं चोख चाललं होतं. एका सकाळी तपासणीत एका बाटलीत वर पिवळट थर आणि खाली निळसर पाणी दिसलं. मी तिच्यावर ‘माल नामंजूर’ अशी चिठ्ठी डकवून ती ओट्याच्या कडेला, नळाजवळ ठेवली.

‘बाबा!’ लेकीचा आवाज चढलेला मी फार वर्षांनी ऐकला. ‘कोणी ओतलं तर नाही ना?’

‘फाटलंय ते.’

‘फाटलं नाही, साय वर आलीय. आईचं दूध ठेवलं की असंच होतं. हलकेच फिरवलं की मिसळतं.’ तिने ते फिरवून दाखवलं. ‘हे काढायला मला अर्धी दुपार लागते. डांबराचं पिंप नाही हे, की परत पाठवलं आणि दुसरं आलं.’

मी चिठ्ठी सोलून काढली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली दूधपेढी निघाली, हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी तिथे दुसऱ्या आयांचं दूध तपासून साठवतात. ‘आपल्याकडे शिल्लक राहिली तर आपणही…’ असं मी म्हणणार होतो. लेकीचा चेहरा बघून प्रस्ताव मागे घेतला.

चाचणीचा दिवस आला. माझ्या मांडीवर दुपटं, दुपट्यावर नात, हातात प्रथम क्रमांकाची बाटली. नातीने निपल जिभेने बाहेर ढकललं. दुसऱ्या क्रमांकाचं तोंडात घेतलं आणि हिरड्यांनी दाबून धरून माझ्याकडे बघत राहिली. तिसरं दिसताच ओठ मिटले. त्यानंतर तिने जो सूर लावला, त्यापुढे उरलेल्या निविदा न उघडताच बाद झाल्या. या सगळ्या वेळात तिची आई पलीकडच्या खोलीत होती. तान्ह्या बाळाला आईचा वास कळतो. ताजा माल दाराआड असताना साठ्यातला कोण उचलेल? इतकी साधी बाब मी अटी-शर्तींत कुठेच घातली नव्हती.

डॉक्टरांकडे नेलं. मी फाइल पुढे सरकवली. त्यांनी ती बाजूला केली. ‘बाटली कशाला हवी? वाटी-चमच्याने द्या. धुवायला सोपी, उकळायला सोपी. आणि काही आठवड्यांत वरचं खाणं सुरू करायचंच आहे की.’

‘कुठली वाटी?’ मी पेन काढलं. ‘आकारमान? धातू?’

‘घरातली.’

हे ऐकायला सौ. जणू सहा महिने थांबली होती. तिने कपाटातून चांदीचं बोंडलं काढलं. लेकीने यातूनच गुटी घेतली होती, लेकीच्या आईनेही. ते चिंचेने घासून, उकळून, त्यात दूध घालून ती मोठ्या दिमाखात नातीपुढे बसली. नातीने एक घोट तोंडात घेतला, थोडा विचार केला आणि सौ.च्या साडीवर सोडला. मी काहीही बोललो नाही. तुलनात्मक तक्त्यात एक ओळ वाढवली, एवढंच. तेवढ्यावरही आमच्यात संध्याकाळपर्यंत अबोला होता.

लेक रुजू झाली. नातीला सांभाळायला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच दुपारी आम्हा दोघांना खोलीबाहेर काढलं. बाळाला किंचित उठतं धरून, स्टीलची वाटी खालच्या ओठाला टेकवून, ते आपण होऊन जीभ पुढे काढेपर्यंत त्या गप्प बसून राहिल्या. दाराच्या फटीतून मी पाहिलं: जावक सुरू झाली होती. पण किती? जेमतेम अर्धी वाटी, सबंध दुपारची. मी घाबरून लेकीला फोन केला. बाळ रोज साधारण पाऊण लिटर दूध पितं असं मी वाचलं होतं आणि आमच्या नोंदवहीत त्याच्या पासंगालाही पुरेल इतकं नव्हतं.

तूट कुठे भरून निघते ते रात्री कळलं. संध्याकाळी आई उंबरठ्यात चप्पल काढते न काढते तोच नात तिच्या पदरात, आणि मग दर दोन तासांनी पहाटेपर्यंत. काही बाळं दिवसा जेमतेम भागवतात आणि आई घरी आली की सगळी वसुली करतात, डॉक्टर म्हणाल्या. वजन वाढतंय ना, मग काळजी नको. लेकीच्या डोळ्यांखाली काळं येत होतं, तिची काळजी मात्र त्या करत होत्या. जावयांनी रात्रीचे लंगोट आपल्याकडे घेतले. माझ्याकडे कोणी काही दिलं नाही.

मग सहा महिने पूर्ण झाले, नाचणीची पेज आली, मऊ वरणभात आला आणि बाटल्यांचा विषयच संपला. आता त्यांचं करायचं काय? मी जडवस्तू नोंदवहीत त्या रीतसर चढवल्या आणि निर्लेखनाचा प्रस्ताव तयार केला: सुस्थितीत, न वापरलेल्या, उपयोगिता नाही. सौ. म्हणाली, कोणा ओळखीच्यांना देऊन टाकू. मी म्हटलं, आधी मंजुरी.

पण प्रस्तावावर सही करायला बसलो तोच नात रांगत ओट्याखाली गेली आणि सगळ्यात महागड्या बाटलीचं टोपण उचलून फरशीवर आपटू लागली. जोरात, लयीत, मावशींनी हाक मारली तरी न थांबता. नियम स्पष्ट आहे: वस्तू प्रत्यक्ष वापरात असेल तर निर्लेखन करता येत नाही. प्रस्ताव मी परत पाठवला. कार्यवाही पुढच्या तिमाहीत.